ओहोटीला गेलेला कचरा भरतीला परत का येतो?

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीच्या काठाला ओहोटीच्या वेळी गेलं की आधी दिसतात ती तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. त्यांच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीची, पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. एकेका झाडाची हजारो. लांबून हा सगळा पट्टा करडा-हिरवा आणि शांत वाटतो. जवळ जाऊन वाकलं की मुळांमध्ये अडकलेलं बाकीचं सगळं दिसायला लागतं: दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलचे गोळे, एका पायातल्या चपला, नायलॉनच्या दोऱ्यांचे गुंते, देवाच्या निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी.

एकदा मी त्यातली एक पिशवी ओढून काढायला गेलो. वर वीतभर तुकडा दिसत होता, पण काही केल्या ती निघेना. बोटांनी चिखल उकरला तेव्हा कळलं की पिशवीत गाळ गच्च भरलाय. तिच्याखाली दुसरी पिशवी, मग बोटभर गाळ, मग आणखी एक. भिजून चिकटलेल्या वहीची पानं असावीत तसे थर होते. तळाशी चिखल काळाकुट्ट, आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास. वरची पिशवी गेल्या पावसाळ्यातली असेल, पण खालची किती वर्षांपूर्वीची होती हे सांगणं अवघड होतं. छपाई उडाली होती, प्लास्टिक मात्र तसंच होतं.

नाल्यात किंवा नदीत पडलेला कचरा शेवटी समुद्रात वाहून जातो, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो आहोत. समुद्रात जातो हे अर्धंच खरं आहे. त्यातला बराचसा कचरा खाडीच्या पुढे जातच नाही. खाडी तो धरून ठेवते. ती हे का करते आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण कचरा नेमका कुठे अडवायचा याचं उत्तरही त्यातच आहे.

खाडी म्हणजे रस्ता नाही

नदी एका दिशेने वाहते. खाडीत तसं नसतं. तिथे पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा खाली उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांना यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. मुंबईपासून अलिबागपर्यंत हा हिशेब अजूनही बऱ्यापैकी जुळतो.

आता खाडीच्या वरच्या टोकाला पडलेली एक बाटली डोळ्यांसमोर आणा. अंदाजासाठी धरू की ओहोटीचं पाणी सरासरी ताशी दीड किलोमीटरने उतरतं. सहा तासांत बाटली नऊ किलोमीटर खाली गेली. ठाणे खाडी साधारण 26 किलोमीटर लांब आहे. म्हणजे बाटली अजून निम्म्या वाटेवरही पोचलेली नाही, तोवर पाणी फिरलं. पुढच्या सहा तासांत ती जवळजवळ तेवढीच वर येते. ती बाहेर ढकलली जायची असेल तर मागून नदीच्या पाण्याचा रेटा हवा. ठाणे खाडीला वरून येणारं गोडं पाणी मोठ्या प्रमाणात मिळतं ते पावसाळ्यातच. उल्हास नदीशी तिचा जोड आहे, पण ती वाट अरुंद आहे आणि उल्हासचं मुख्य पाणी वसईच्या खाडीकडे जातं. त्यामुळे दिवाळीपासून मृगापर्यंत या बाटलीचा प्रवास झोपाळ्यासारखा चालू राहतो: खाली, वर, पुन्हा खाली.

फ्रान्समध्ये सीन नदीच्या मुखाजवळ संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासलं. त्यांनी जीपीएस बसवलेल्या बाटल्या पाण्यात सोडल्या आणि त्यांचा माग काढला. बाटल्या थेट समुद्राकडे गेल्या नाहीत. त्या काठाला लागत होत्या, पुढच्या मोठ्या भरतीला सुटत होत्या, थोडं पुढेमागे होऊन पुन्हा काठाला लागत होत्या. नदीतून समुद्रात किती प्लास्टिक जातं याचे आकडे वाचताना मला या बाटल्या आठवतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार नद्यांमधून दरवर्षी 8 ते 27 लाख टन प्लास्टिक समुद्रात जातं, आणि त्यातलं 80 टक्के जगातल्या हजाराहून थोड्या अधिक नद्यांमधून येतं. आपली उल्हास त्या यादीत पहिल्या दहात आहे. तो आकडा बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचा. वाटेत अडकून राहिलेला कचरा त्यात येत नाही.

उधाण ठेवतं, भांग तसंच सोडतं

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात उंच चढते. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचं पाणी पाच मीटरच्या जवळ जातं, पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आधी जाहीर करते ते याचसाठी.

उधाणाचं पाणी तरंगणारा सगळा माल उचलून तिवरांच्या आत, अगदी मागच्या रांगेपर्यंत नेतं. पाणी जिथवर पोचलं तिथे एक रेघ उमटते. दुसऱ्या दिवसापासून भरती दिवसागणिक जरा कमी चढते, त्यामुळे त्या रेघेपर्यंत पाणी पुन्हा पोचत नाही. कचरा तिथेच राहतो, पुढचं उधाण येईपर्यंत. म्हणजे सुमारे पंधरा दिवस. आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाने तो आणून टाकला असेल तर पुढच्या वर्षापर्यंतही. तेवढ्या अवधीत त्यावर गाळ बसतो, पालापाचोळा पडतो, मुळं त्याच्यातून वर येतात. पुढचं पाणी आलं तरी मग तो सुटत नाही.

आमच्या ओळखीचे एक कोळी आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं. काठावर पडलेल्या पिशव्यांकडे बोट करून ते म्हणाले, "आता भांगाचा पानी हाय. ह्यो कचरा उधानापर्यंत हितंच पडून ऱ्हानार." पुस्तकात मला हे कळायला चार पानं लागली होती.

उथळ खाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. भरतीची लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो, कारण माथ्याखाली पाणी जास्त खोल असतं. म्हणून बऱ्याच उथळ खाड्यांत भरती थोड्या वेळात जोराने चढते आणि ओहोटी सावकाश उतरते. जोराचं पाणी जड वस्तूही ढकलत आत आणतं, संथ पाण्याला त्या बाहेर काढता येत नाहीत. सगळ्याच खाड्या अशा नसतात. दोन्ही बाजूंना तिवरांचा रुंद पट्टा असेल तर कधी कधी ओहोटीच जोराची होते. पण जिथे भरती जोरकस आहे तिथे दर फेरीला थोडा थोडा माल आतच जमत जातो.

तुरटी आणि गाळ

पावसाळ्यात विहिरीचं किंवा नळाचं पाणी गढूळ आलं की घरोघरी हंड्यात तुरटी फिरवत असत. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसे आणि वर पाणी नितळ. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी तो भार मारते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि जड होऊन खाली बसतात.

नदीचं गढूळ पाणी खाडीत समुद्राच्या पाण्याला भेटतं तेव्हा तुरटीचं काम मीठ करतं. खाडीत एवढा चिखल असतो त्याचं हे एक मोठं कारण. आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे, कपड्यांतून सुटलेले पॉलिस्टरचे धागे, टायरची झीज, हे सगळं त्याच गोळ्यांत गुंडाळलं जाऊन तळाला जातं. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ते पाण्यापेक्षा हलकं असलं तरी चिखलाच्या गोळ्यात सापडलं की बुडतं.

कुठलं प्लास्टिक तरंगतं आणि कुठलं बुडतं, हे माहीत असलं की खाडीतला कचरा वाचता येतो. गोड्या पाण्याची घनता 1 धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण 1.025 असते. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन 0.92 च्या आसपास, बाटलीच्या झाकणाचं प्लास्टिक 0.9 ते 0.95, म्हणजे ही दोन्ही तरंगतात. पण पाण्याची बाटली ज्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची असते त्याची घनता 1.38. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, झाकण निघालं की पाणी भरून तळाला जाते. मासेमारीच्या जाळ्यांतलं नायलॉन 1.14, तेही बुडतं. म्हणून काठावर फिरताना आपल्याला झाकणं दिसतात, पिशव्या दिसतात, थर्माकोल दिसतो. बाटल्यांचा मोठा वाटा आणि तुटलेली जाळी तळाशी असतात, आपल्या नजरेआड.

तरंगणाराही कायम तरंगत नाही. काही आठवड्यांत त्याच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, मग बारके शंख-शिंपले आणि बार्नॅकल नावाचे कवचवाले जीव येऊन चिकटतात. वजन वाढत जातं आणि वस्तू खाली जाते. पावसाळ्यात खाडीत दोन थर तयार होतात, वर नदीचं हलकं गोडं पाणी आणि खाली समुद्राचं जड खारं. वरचा थर एकूण हिशेबाने बाहेर सरकत असतो आणि तळाचा आत. गोव्यात मांडवीत पावसाळ्यात हे ठळकपणे घडतं. म्हणजे वरच्या थरातून बाहेर निघालेली वस्तू वाटेत जड होऊन बुडाली, की तळाचं पाणी तिला पुन्हा आत आणतं.

जी ताकद, तीच दुखरी जागा

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट ही आहे.

खाडीचं सगळं जीवन धरून ठेवण्यावर चालतं. नदीने आणलेला गाळ तिने धरला म्हणून चिखलाचे पट्टे झाले. त्या चिखलात तिवरं रुजली. त्यांच्या मुळांत पाणी संथ झालं म्हणून आणखी गाळ बसला. चिखलात शेवाळं आणि अळ्या वाढल्या म्हणून निवटी, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्लं आली, आणि त्यांच्या मागोमाग पक्षी. ठाणे खाडीत थंडीत हजारो फ्लेमिंगो उतरतात ते या चिखलातल्या शेवाळासाठी. 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये 6521 हेक्टरच्या ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

खाडी गाळ ज्या युक्तीने धरते त्याच युक्तीने प्लास्टिक धरते. तिला फरक करता येत नाही.

तिवराचं बी घ्या. बदामासारखं दिसतं, झाडावर असतानाच आतून अंकुरलेलं असतं. पावसाळ्यात ते पाण्यात पडतं, काही दिवस तरंगतं, साल टाकतं आणि भरतीने जिथे नेऊन ठेवलं तिथे मूळ धरतं. पाणी संथ हवं, उधाण ओसरल्यावर काही दिवस ती जागा हलायला नको. म्हणजे नेमकी तीच रेघ, जिथे पिशव्या येऊन पडतात. आणि नेमका तोच मोसम, जेव्हा शहरातले सगळे नाले आपलं वर्षभराचं पोट खाडीत रिकामं करतात. बी पिशवीवर पडलं तर मुळाला चिखल मिळत नाही. चिखलात पडलं आणि वरून पिशवी आली तर उजेड मिळत नाही. दोन्हींतून वाचून वीतभर रोप झालं, तर एखादी लांब पिशवी त्याला गुंडाळते आणि प्रत्येक भरती-ओहोटीला पाण्याच्या ओढीने त्याला इकडून तिकडे खेचत राहते. वाकलेली, चिखलात झोपलेली अशी रोपं मी पाहिली आहेत. पिशवी सोडवली तरी ती सरळ उभी राहत नाहीत.

मोठ्या झाडांचं दुखणं वेगळं. खाडीच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. तळाच्या चिखलाचा काळा रंग आणि तो कुजका वास त्याचाच. तिवराची पेन्सिलीसारखी मुळं वर येतात ती श्वासासाठी. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यातून हवा आत जाते आणि चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. या मुळांवर प्लास्टिकची चादर पसरली तर काय होतं, याचा प्रयोग इंडोनेशियात जावाच्या उत्तर किनाऱ्यावर झाला. तिथे काही ठिकाणी तिवरांखालची निम्मी जमीन प्लास्टिकने झाकली गेलेली होती. संशोधकांनी काही झाडांची मुळं अर्धी झाकली, काहींची पूर्ण. अर्धी झाकलेली झाडं तगली, त्यांच्या मुळांनी वाट काढली. पूर्ण झाकलेल्या झाडांची पानं गळायला लागली.

मला या प्रयोगात आशाही दिसते. झाड शेवटपर्यंत झगडतं. त्याला थोडी मोकळी जागा मिळाली तरी ते निभावून नेतं. म्हणजे सगळा कचरा काढता आला नाही तरी काही काढणं व्यर्थ जात नाही.

खाडीत दोन पाणी जिथे भेटतात तिथे कधी कधी फेसाची लांब रेघ दिसते. दोन्हीकडचं पाणी तिथे येऊन खाली जातं आणि तरंगणारं सगळं वर साचतं. बारीक जीव तिथे गोळा होतात, म्हणून छोटे मासे येतात, म्हणून वर पक्षी घिरट्या घालतात. कोळ्यांनाही ही रेघ ओळखीची असते. आज त्या रेघेत माशांच्या पिलांच्या शेजारी थर्माकोलचे दाणे असतात, माशाच्या अंड्याएवढे, तसेच पांढरे. तोंड उघडून पुढे जाणाऱ्या माशाने वेगळं ओळखायचं तरी कसं?

शिंपल्या आणि कालवांना तर पळताही येत नाही. ती एका जागी बसून पाणी गाळून खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. गोव्यात साळ नदीच्या खाडीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तपासणी केली तेव्हा पाणी, गाळ, शिंपल्या आणि मासे या सगळ्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडलं. तिसऱ्यांचं एकशिपी आणि कालवांची आमटी आमच्याकडे माहेरपणाला आलेल्या लेकीसाठी मुद्दाम करतात. त्या शिंपल्या ज्या चिखलातून येतात, त्याच चिखलातून मी ती पिशवी उकरत होतो.

डोल लावणाऱ्यांचा तोटा तर रोजच्या रोज समोर दिसतो. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीला तोंड करून बांधून ठेवलेलं पिशवीसारखं लांब जाळं. वाहत्या पाण्याबरोबर जे येईल ते शेवटच्या पिशवीत जमतं, जवळा, करंदी, बोंबील. कचराही पाण्याबरोबरच येतो. तात्यांची डोल वर घेतली की घरातल्या बाया आधी प्लास्टिक वेगळं करायला बसतात. मासळी वेचायच्या आधीचं हे काम, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. भरलेल्या पिशव्यांच्या वजनाने जाळं फाटतं ते वेगळंच.

पाऊस सगळं धुऊन नेतो का?

पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांत साठलेलं सगळं एकदम सुटतं. त्या वेळी खाडीतून बाहेर जाणारा रेटा खरंच मोठा असतो आणि बराच कचरा समुद्रात जातो. पण पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून किनाऱ्याकडे वाहतो. बाहेर गेलेला तरंगता कचरा तो परत लोटतो. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हवर लाटांबरोबर उडून आलेला कचरा, जुहू-वर्सोव्याच्या वाळूवरचे ढीग, माहीमच्या किनाऱ्यावरचा खच, हे सगळं त्याच परतीच्या प्रवासातलं. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या बाजूने निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिचं तोंडच पश्चिमेला वाऱ्यासमोर आहे, त्यामुळे तिने बाहेर टाकलेलं पुन्हा तिच्याच दारात येतं.

त्यातच शहरातली पावसाच्या पाण्याची कितीतरी मुखं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जात नाही, आणि वाटेत प्लास्टिक असलं तर ओहोटीलाही नीट जात नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता, पण तुंबलेल्या नाल्यांनी त्या दिवशी काय केलं ते ज्यांनी पाण्यात रात्र काढली त्यांना विचारावं. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली, 2018 मध्ये ती आणखी व्यापक झाली, 2022 च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. बाजारात पिशव्या अजून मिळतात. तरी चिखलातल्या वरच्या थरांत पिशव्यांचं प्रमाण कमी आणि पाकिटांचं जास्त, हे मला प्रत्येक वेळी जाणवतं. शाम्पूची, गुटख्याची, वेफर्सची छोटी पाकिटं, ज्यांना भंगारात भाव नाही म्हणून कोणी वेचत नाही. बाटली वेचली जाते, कारण तिचे पैसे मिळतात. पाकीट थेट खाडीत येतं.

दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपराही असाच. नखाएवढा तुकडा. पिशवी भंगारवाला नेतो, कोपरा केरात, केरातून नाल्यात. कोपरा पूर्ण न कापता चीर देऊन पिशवीलाच लटकत ठेवला तर दोन्ही एकत्र जातात. आमच्या घरात आता तसंच करतात.

आणि खाडीकाठची कचराभूमी विसरून चालणार नाही. देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा टाकला जातो आहे, ठाणे खाडीच्या अगदी काठाला. वाऱ्याने उडालेली, पावसाने ओघळलेली पिशवी तिथून तिवरांत यायला नदी-नाल्याचीही गरज नसते.

मग कचरा अडवायचा कुठे?

वर सांगितलेलं सगळं खरं असेल तर उत्तर सोपं आहे: खाडीत शिरण्याआधी. नाला खाडीला मिळतो तिथे पाणी एकाच दिशेने वाहत असतं, पात्र अरुंद असतं, कचरा एका जागी असतो. मुंबईत काही नाल्यांवर आणि नद्यांवर तरंगते अडथळे लावले जातात. पात्रावर तिरकी दोरी टाकावी तसे हे तरंगते पट्टे असतात, कचरा त्यांच्या कडेने एका काठाला सरकतो आणि तिथून उचलता येतो. पण ते पृष्ठभागावरचंच अडवतात. बुडलेली बाटली खालून जाते. आणि रोज उपसले नाहीत तर जोराच्या पावसात ते तुटतात, साठलेलं सगळं एकदम सुटतं. म्हणून अडथळा लावल्याच्या बातमीपेक्षा तो दररोज कोण उपसतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एकदा तिवरांत शिरलेला कचरा काढणं फार कठीण. वाळूच्या किनाऱ्यावर यंत्र फिरवता येतं. वर्सोव्याला 2015 मध्ये अफरोझ शाह यांनी सुरू केलेल्या मोहिमेत लोकांनी हातांनी आणि यंत्रांनी किनारा मोकळा केला, 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तिवरांत यंत्र नेता येत नाही. माणूसही जपून जावा लागतो, कारण प्रत्येक पावलाखाली श्वासाची मुळं मोडतात. वन विभागाचा 2012 मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष लोकांना घेऊन अशा सफाया करतो. जाताना एका ओळीत, एकाच वाटेने जायचं, मुळं वाढलेल्या दाट जागी शिरायचं नाही, रोपाभोवतीची पिशवी ओढायची नाही, कात्रीने कापून सोडवायची. चिखलात खोल रुतलेलं उकरू नये, कारण ते उकरताना मुळं तुटतात आणि साठलेली घाण पुन्हा पाण्यात येते. त्या दिवशी मी उकरलं, तसं आता करत नाही.

जायचा दिवस निवडतानाही तिथी पाहायची. उधाण ओसरल्यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात चांगले. ताजा कचरा रेघेवर सुटा पडलेला असतो, त्यावर अजून गाळ बसलेला नसतो, आणि पुढच्या भरत्या तिथवर पोचत नसल्याने काम करायला अवधी मिळतो. चतुर्थीची पाऊणपट तीन. भरती दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. सातला काठावर पोचलं तर पाणी उतरून पुन्हा तेवढंच वर येईपर्यंत चार तास हातात असतात. हातमोजे, कात्री, गोणी आणि पाय रुतला तरी निघणार नाहीत असे बूट घेऊन या. रेघेवर बदामासारखी हिरवट बियाही पडलेल्या असतील, त्या तिथेच राहू द्या.